वाद्यवृंदाला आधीच सगळं माहीत असतं

प्रश्न असा आला आहे: "ऑपेरा कंडक्ट करणाऱ्या माणसाला स्वतःला कोणतं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आवडतं? त्याच्यावर प्रभाव कुणाकुणाचे असतात? आणि सिंफनी करणाऱ्या कंडक्टरपेक्षा त्याची आवड वेगळी असते का?"

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यातूनच निघतं. हो, वेगळी असते. निदान माझी तरी आहे. ब्रुकनरच्या सिंफनीत माझं मन रमत नाही, हे माझ्या सहकाऱ्यांना ऐकवत नाही, पण आहे ते आहे. उलट ज्या संगीतात रंगमंचावरचं माणूस एक सांगतंय आणि खाली वाद्यवृंद त्याचं म्हणणं खोडून काढतोय, किंवा त्या माणसाला अजून न कळलेली गोष्ट वाद्यवृंद आपल्या कानात आधीच सांगून ठेवतोय, ते मी कितीही वेळा ऐकू शकतो. माझ्या आवडत्या रचना एकत्र मांडल्या तर बहुतेक सगळ्या याच एका कारणानं तिथे आलेल्या दिसतील.

सगळ्यात उघड उदाहरण ग्लुकचं. 'इफिजेनी आँ तोरीद' हा त्याचा ऑपेरा १७७९ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. ओरेस्त आपल्या आईचा खून करून वणवण भटकतोय. दुसऱ्या अंकात, शरीर थकल्यावर, तो म्हणतो की माझ्या मनात आता शांती परतली आहे. त्याची चाल खरोखरच शांत आहे. पण व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) मात्र मात्रेच्या आड, एकच लय धरून अस्वस्थपणे धडधडत राहतात. तालमीत कुणीतरी ग्लुकला विचारलं म्हणे, हा शांत झालाय तर व्हायोला अशा का वाजतायत? त्यावर ग्लुकनं उत्तर दिल्याचं सांगतात: तो खोटं बोलतोय, त्यानं आईला मारलंय. ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवणाऱ्यांवर विनोद करायची जुनी रीत आहे. विनोद करणाऱ्यांना मी हा प्रवेश ऐकायला सांगतो.

आता ही आवड आली कुठून, ते सांगायला हवं. मी जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या थिएटरात कापेलमाइस्टर आहे. म्हणजे घरचा कंडक्टर: मुख्य संगीत दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करणारा, हंगामभर वेगवेगळे ऑपेरा आलटून पालटून चालवणारा, आणि दुसरा कुणी आजारी पडला तर ऐनवेळी तालमीशिवाय पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या वादकांच्या खोलगट जागेत, उभा राहणारा. या पदावर येण्याची इथली जुनी वाट म्हणजे कॉरेपेटिटोरची नोकरी. कॉरेपेटिटोर म्हणजे गायकांना भूमिका शिकवणारा पियानोवादक. अख्ख्या ऑर्केस्ट्राचा भाग त्यानं एकट्यानं पियानोवर वाजवायचा, वाजवता वाजवता समोर हजर नसलेल्या पात्रांच्या ओळी स्वतःच्या फाटक्या आवाजात गायच्या, इटालियन उच्चार सुधारायचे, आणि गायिकेला कुठे श्वास पुरत नाही ते लक्षात ठेवायचं. पुढे मोठे कंडक्टर झालेले जॉर्ज शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात हेच करत होते. १९३७ साली झाल्झबुर्गमध्ये कंडक्टर तोस्कानिनींच्या हाताखाली त्यांनी 'मॅजिक फ्लूट'मधलं ग्लोकेनश्पील (घंटांसारखं किणकिणणारं वाद्य) वाजवलं होतं. कार्लोस क्लाइबर म्युनिकच्या गेर्टनरप्लाट्झ थिएटरात याच कामावर होते. आजच्या पिढीतले अँटोनियो पापानो वडिलांच्या गायनाच्या शिकवण्यांना पोरवयातच साथ करत मोठे झाले आणि पुढे २००२ ते २०२४ लंडनचं कॉव्हेंट गार्डन सांभाळलं.

या वाटेनं आलेला माणूस संगीत खालून शिकतो. आधी शब्द, मग बास, मग श्वास आणि सगळ्यात शेवटी ऑर्केस्ट्राचे रंग. सिंफनीच्या वाटेनं आलेल्यांचं बहुधा उलटं असतं.

मोत्सार्टवर मी जास्त वेळ थांबणार आहे, आणि तोही फक्त 'फिगारोचं लग्न' या ऑपेरावर. १ मे १७८६, व्हिएन्नाचं बुर्गथिएटर, शब्द लोरेन्झो दा पोन्तेचे. दुसऱ्या अंकाचा शेवट हा साधारण वीस मिनिटांचा, मध्ये एकदाही न थांबणारा संगीताचा तुकडा आहे. जगातलं एकच पान वाचवायचं असेल तर मी यातलं एक उचलीन. सुरुवातीला रंगमंचावर दोघं: संतापलेला काउंट आणि घाबरलेली काउंटेस. काउंटची खात्री आहे की शेजारच्या खोलीत केरुबिनो नावाचा पोरगा लपलाय. तो तलवार उपसून दारापाशी जातो, दार उघडतं आणि आतून बाहेर येते सुझाना, काउंटेसची दासी. इथे कुणाही दुसऱ्या संगीतकारानं मोठा आवाज करून धक्का दिला असता. मोत्सार्ट काय करतो? आवाज खाली आणतो, लय संथ करतो आणि तीन मात्रांचं, मिनुएटसारखं नाजूक काहीतरी सुरू करतो. सुझाना अगदी निरागस चेहऱ्यानं विचारते, एवढं आश्चर्य कशाचं? काउंट आणि काउंटेस दोघंही थक्क. काउंटेसलाही कल्पना नव्हती की आत सुझाना आहे. त्या खोलीत सगळं ठाऊक असलेली एकटी सुझाना, आणि वाद्यवृंद तिच्या बाजूनं आहे.

पुढे काउंटचा नोकर आणि सुझानाचा होणारा नवरा फिगारो येतो, मग फुलांच्या तुटक्या कुंड्या घेऊन दारू प्यालेला माळी अंतोनियो येतो. खिडकीतून कुणीतरी उडी मारली अशी तक्रार तो करतो. उडी असते केरुबिनोची, पण फिगारो म्हणतो, मीच मारली. मग काउंट एक कागद दाखवतो: हा तुझ्या खिशातून पडला ना, तर मग सांग बघू हा कशाचा? फिगारोला काहीच माहीत नाही. काउंटेस हळूच सुझानाच्या कानात सांगते, सुझाना फिगारोला: केरुबिनोच्या लष्करी नेमणुकीचा कागद. काउंट पुढे विचारतो, मग तो तुझ्याकडे कशाला? पुन्हा कुजबुज: त्यावर शिक्का राहिलाय. हा सगळा वेळ वाद्यवृंदात एकच छोटी आकृती फिरत राहते, सहा मात्रांच्या संथ झोक्यात, एका स्वरस्थानावरून दुसऱ्यावर सरकत, घर सापडत नसल्यासारखी. फिगारोला 'शिक्का' हे उत्तर सापडतं त्याच क्षणी संगीतही मूळ बी फ्लॅट मेजरमध्ये परत येतं. पेच आणि स्वर एकाच ठिकाणी सुटतात. प्रेक्षागृहातल्या शंभरातल्या नव्याण्णव जणांना हे कळत नाही आणि शंभरच्या शंभर जणांना हायसं वाटतं.

कंडक्टरनं इथे काय करायचं असतं? मुख्यतः आवरायचं. काउंटचा राग ऐकून लय पुढे पळवायचा मोह होतो. पण पुढे मार्चेलिना, बार्तोलो आणि बाझिलियो येऊन सात जण रंगमंचावर होतात, आणि शेवटी मोत्सार्ट स्वतःच दोनदा वेग वाढवायला सांगतो. तोवर हातात काही शिल्लक ठेवलं नसेल तर त्या शेवटच्या पानांवर नुसती धावपळ ऐकू येते. दा पोन्तेनं आपल्या आठवणींमध्ये फिनालेची, म्हणजे अंकाच्या अशा शेवटाची, थट्टा केली आहे, की त्यात सगळ्या पात्रांना रंगमंचावर आणलंच पाहिजे, मग कथानकाचं काहीही होवो. त्यानं थट्टा केली आणि स्वतःच ही अडचण इतकी बेमालूम निभावली की कुणी का आलं हा प्रश्नच पडत नाही.

आणि चौथ्या अंकातला तो माफीचा क्षण. काउंट सर्वांसमोर उघडा पडलाय. त्याच्या 'कोन्तेस्सा, पेर्दोनो'च्या आधी स्कोअरमध्ये, म्हणजे छापील स्वरलिपीत, एक विराम आहे, त्यावर फरमाटा, म्हणजे हवं तेवढं थांबा अशी खूण. हा विराम किती लांब ठेवायचा हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी तो काउंटच्या श्वासावर सोडतो. तो गुडघ्यावर बसतो, श्वास आत घेतो, आणि तो श्वास दिसल्यावरच माझी काठी वर जाते. आधी गेली तर माफी मागितल्यासारखी वाटत नाही, हुकमावरून म्हटल्यासारखी वाटते. आमच्या थिएटरातल्या एका ज्येष्ठ गायिकेनं मला सुरुवातीच्या काळात सांगितलं होतं, "तू काठी वर नेताना स्वतः श्वास घेत नाहीस, म्हणून मला तुझी सम दिसत नाही." तिनं अर्थातच 'सम' हा शब्द वापरला नव्हता, पण म्हणणं तेच. कुठल्याही मास्टरक्लासपेक्षा हे वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

व्हेर्दीकडे मी उशिरा वळलो. 'ला त्राव्हियाता' व्हेनिसच्या फेनिचे थिएटरात ६ मार्च १८५३ रोजी पहिल्यांदा झाला आणि साफ पडला. त्याच्या पहिल्या अंकाआधीचं पूर्वसंगीत फक्त काही मिनिटांचं आहे. व्हायोलिनं विभागून, फार वरच्या सप्तकात, अगदी हळू. हे नायिका व्हियोलेत्ताच्या मरणाचं संगीत, पडदा उघडायच्या आधीच. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ते पुन्हा येणार आहे. त्यानंतर एक रुंद, विनवणी करणारी चाल येते आणि ती खाली चेलोंकडे जाते तेव्हा वर व्हायोलिनं मेजवानीतल्यासारखी बागडायला लागतात. खाली विनवणी, वर मौज. व्हियोलेत्ताचं सगळं आयुष्य तेवढ्यात मांडून झालं. दुसऱ्या अंकात ती आल्फ्रेदोला सोडून जायच्या आधी हीच चाल पूर्ण आवाजात गाते, 'माझ्यावर प्रेम कर, आल्फ्रेदो'. ती का रडतेय हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. आपल्याला मात्र चाल ओळखीची असते. त्या चालीच्या आधी वाद्यवृंद तापत जातो, आणि तिथे ऑर्केस्ट्राला रोखून धरणं हे रात्रीचं सगळ्यात कठीण काम. सोप्रानोला भरपूर श्वास घ्यायला जागा मिळाली पाहिजे आणि ती जागा प्रेक्षकांना दिसता कामा नये.

'फाल्स्टाफ' व्हेर्दीनं केला तेव्हा तो ७९ वर्षांचा होता. १८९३, ला स्काला. कंडक्टरांना तो प्रेक्षकांपेक्षा जास्त आवडतो, हे मला मान्य आहे.

पुच्चिनीला काही विद्वान हलका समजतात. त्यांनी एकदा 'ला बोएम'चा दुसरा अंक कंडक्ट करून बघावा. रस्त्यावरची गर्दी, खेळणीवाला, मुलांचा कोरस, चार मित्र, भांडणारं जोडपं आणि वर रंगमंचावरून वाजत जाणारं लष्करी बँडपथक, सगळं वीसेक मिनिटांत, आणि लय ओळीगणिक बदलते. १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिनमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा पिटात २८ वर्षांचे तोस्कानिनी होते. पण मला 'बोएम' आवडतो तो शेवटच्या दोन पानांसाठी. आजारी नायिका मिमी जाते तेव्हा कुणालाच कळत नाही. ऑर्केस्ट्राचा सूर हलकेच पालटतो, एवढंच. मग शोनारला कळतं, मग बाकीच्यांना. तिचा प्रियकर रोदोल्फोला सगळ्यात शेवटी, मित्रांचे चेहरे बघून. त्या ओळी त्यानं गायच्या नाहीत, नुसत्या बोलायच्या आहेत. ऑपेरात गाणं थांबतं आणि साधं बोलणं ऐकू येतं, तिथे अंगावर काटा येतो. मग पितळी वाद्यं पूर्ण ताकदीनं सुटतात. मी तिथे शक्य तितका लहान हात करतो. एवढ्या आवाजाला वरून आणखी हातवारे लागत नाहीत.

लहान हातावरून रिचर्ड श्ट्राउस आठवला. त्यानं तरुण कंडक्टरसाठी दहा नियम लिहून ठेवले आहेत, अर्धे गमतीचे आणि सगळे खरे. त्यातला एक असा, की घाम कंडक्टरला फुटू नये, ऊब प्रेक्षकांना वाटावी. दुसरा, पितळी वाद्यांकडे कौतुकानं बघू नये. आणि तिसरा, 'सालोमे' आणि 'एलेक्ट्रा' मेंडेल्सोनची पऱ्यांची रचना असल्यासारखे वाजवावेत. हे ज्यानं लिहिलं त्याच्याच 'सालोमे'त शंभराच्या आसपास वादक लागतात! पण नियम बरोबर आहे. पिटातून आलेला आवाज गायकाला बुडवतो, आणि गायक बुडाला की ऑपेरा संपला.

वाग्नरबद्दल माझं मत सरळ नाही. 'ट्रिस्टान'चं पूर्वसंगीत मी कधीही ऐकीन. चार तास ऐकायला मात्र मला रंगमंच लागतो. त्याचा ज्यू-द्वेष बाजूला ठेवून नुसतं संगीत ऐका असं सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि ऐकूच नका म्हणणाऱ्यांशीही नाही. एवढ्यावर इथे थांबतो.

आता प्रभाव. पहिलं नाव कंडक्टर चार्ल्स मॅकेरस, आणि त्यांच्यामुळे चेक संगीतकार यानाचेक. मॅकेरस सिडनीत वाढलेले ऑस्ट्रेलियन, मूळचे ओबोवादक. १९४७ साली ते प्रागला वाक्लाव्ह तालिख यांच्याकडे शिकायला गेले, तिथे यानाचेकचा 'कात्या काबानोव्हा' ऐकला आणि आयुष्यभर त्याला सोडलं नाही. १९५१ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये त्यांनी तो केला. ब्रिटनमध्ये रंगमंचावर आलेला यानाचेकचा तो पहिला ऑपेरा. पुढे व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी यानाचेकचे ऑपेरा ध्वनिमुद्रित केले. 'येनूफा'वर प्रागच्या कोव्हारोव्हिच नावाच्या कंडक्टरनं बरेच हात फिरवले होते, वाद्ययोजना गुळगुळीत केली होती. मॅकेरस आणि संगीत-अभ्यासक जॉन टायरेल यांनी तो थर खरवडून काढला आणि मूळ खडबडीत आवाज परत आणला. माझ्या शेल्फवर स्कोअरची ती आवृत्ती आहे आणि तिची पानं सुटायला आली आहेत.

यानाचेकची पद्धत मराठी माणसाला चटकन समजेल अशी आहे. तो वही घेऊन फिरायचा आणि लोकांच्या बोलण्यातले चढउतार स्वरलिपीत टिपायचा. बाजारातली बाई, स्टेशनवरचा माणूस, कुणीही. १९०३ मध्ये त्याची मुलगी ओल्गा आजारपणात गेली. त्या दिवसांतले तिचे शब्दही त्यानं असेच टिपले आहेत. 'येनूफा' तिच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. पहिला प्रयोग १९०४ मध्ये ब्रनोला झाला. त्यामुळे त्याच्या संगीतात गाण्याची ओळ गुळगुळीत वाहत नाही. ती बोलते, अडते, तेच तेच पुन्हा म्हणते, जसं घाबरलेलं माणूस म्हणतं. मला स्वतःला चेक बेताचीच येते, पण तालमीआधी मी आमच्या भाषा-प्रशिक्षिकेकडून सगळ्या ओळी नुसत्या बोलून घेतो. पुष्कळदा लय तिथेच सापडते. कोकणी बाईचा हेल आणि वऱ्हाडी बाईचा हेल ज्याला ओळखू येतो, त्याला यानाचेक कशाच्या मागे होता हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं नाव कार्लोस क्लाइबर. हे प्रत्येक कंडक्टर सांगतो, मी तरी वेगळं काय सांगणार. पण त्यांच्या वडिलांपासून सुरुवात करतो. एरिख क्लाइबरनी १४ डिसेंबर १९२५ रोजी बर्लिनमध्ये आल्बान बेर्गच्या 'वोत्सेक'चा पहिला प्रयोग केला. नाझी आल्यावर १९३४ मध्ये त्यांनी बर्लिनचं पद सोडलं, कुटुंब पुढे दक्षिण अमेरिकेत गेलं आणि कार्लचा कार्लोस झाला. 'वोत्सेक'च्या तिसऱ्या अंकात मारीच्या खुनाचा प्रवेश एका स्वरावर बांधलेला आहे. तो बी स्वर कधी खाली, कधी वर, कधी मध्ये, सतत असतो आणि ऐकणाऱ्याला तो आहे हे कळतच नाही. खून होतो. आणि मग अंधारात सगळा ऑर्केस्ट्रा त्याच एका स्वरावर येतो, अगदी हळू आवाजापासून कान फाटेपर्यंत, एकदा आणि पुन्हा एकदा. मग लगेच गुत्त्यातला बेसूर पियानो. माझ्या मते विसाव्या शतकातली ही सगळ्यात भयानक मिनिटं आहेत, आणि त्यात चाल नाही, स्वरसंगती नाही, फक्त एक स्वर.

कार्लोसकडून मी काय घेतलं, तर मात्रा न मोजण्याची हिंमत. १९७६ चं बायरॉइटचं (वाग्नरनं स्वतःच्या ऑपेरांसाठी बांधलेलं थिएटर) 'ट्रिस्टान'चं कृष्णधवल चित्रण पाहा, पिटातल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं. चित्र अस्पष्ट, आवाज यथातथा. हातांकडे बघत राहा. कित्येक जागी ते मात्रा देतच नाहीत, वाक्य कुठे जायचंय तेवढं दाखवतात आणि वादकांवर सोडून देतात. हे करायला आधी तालमीत किती काम झालेलं असतं ते मात्र चित्रात दिसत नाही. ते वादकांच्या स्टँडवर चिठ्ठ्या ठेवायचे, अमुक ठिकाणी असं करून बघा म्हणून. एवढ्या बारकाईनं तयारी करून प्रयोगात मोकळं सोडायचं. नक्कल करू नये असा हा माणूस. मी काही तरुण मंडळींना त्यांच्यासारखे डोळे मिटून हसताना पाहिलंय. ऑर्केस्ट्रा त्यांच्याकडे बघणं बंद करतो.

तिसरा प्रभाव घरचा आहे, आणि तो सांगताना मी जरा जपून सांगतो, कारण 'आपल्या संगीताशी किती साम्य!' अशा गप्पांचा मला कंटाळा आहे. आमच्या दादरच्या घरात आजोबांचं नाट्यसंगीत चालायचं. बालगंधर्वांच्या 'स्वयंवर'मधली पदं, १९१६ च्या नाटकातली, भास्करबुवा बखल्यांच्या चाली. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँसाहेब असत. आजोबा गाण्यापेक्षा साथीवर जास्त बोलायचे. तबलजीनं ठेक्यात काही न करता गायकाला किती मोकळं ठेवलं, ऑर्गनवाला कुठे थांबला, कुठे भरलं. शास्त्रीय अंगाचं नाट्यपद आणि व्हेर्दीची आरिया (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) यांचं स्वरांचं नातं काही नाही. पण एक माणूस गातोय आणि बाकीचे त्याच्या श्वासावर कान ठेवून आहेत, ही सवय मला तिथून लागली.

पियानो शिकवला तो गोव्याच्या एका सरांनी, धोबीतलावला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सोल्फेज शिकवत आले, आणि तिथून तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईचे हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले. सर त्याच घडणीतले. पियानोच्या पट्ट्यांना हात लावू देण्याआधी कित्येक महिने त्यांनी मला नुसतं 'दो रे मी' गायला लावलं, हातानं मात्रा दाखवत. आज कुठलाही स्कोअर उघडला की मी आधी गातो. मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी उभी केली होती, आणि त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता व्हिएन्नाला स्वारोव्स्कींकडे शिकून पुढे म्युनिकच्या ऑपेराचे मुख्य संगीत दिग्दर्शक झाले, हे सरांनीच पहिल्यांदा सांगितलं. मेहतांचं पुच्चिनीच्या 'तुरांदोत'चं १९७२ चं ध्वनिमुद्रण, सदरलँड, पाव्हारोत्ती आणि कबायेचं, ही मी कॅसेटवर ऐकलेली पहिली पूर्ण ऑपेरा. अजूनही मला तेच सगळ्यात आवडतं. यात गुणवत्ता किती आणि जुनी ओढ किती, ते मी तपासायला जात नाही.

घरी, काम नसताना, मी ऑपेरा जवळपास लावतच नाही. शुबर्टचं सी मेजर क्विंटेट (पाच तंतुवाद्यांची रचना) लावतो, दोन चेलोंचं. मृत्यूच्या आधी दोनेक महिने, १८२८ मध्ये लिहिलेलं, आणि छापलं गेलं ते थेट १८५३ साली. त्याच्या संथ भागात मधली तीन वाद्यं लांबच लांब स्वर धरून बसतात, वर पहिलं व्हायोलिन अर्धवट वाक्यं बोलतं आणि खाली दुसरा चेलो तार छेडून त्याला उत्तर देतो. शब्द नसलेला ऑपेराच तो. 'विंटरराइझे'तलं शेवटचं गाणंही असंच, पियानोच्या डाव्या हातात षड्ज-पंचम अखंड चालू आणि वर म्हाताऱ्या वाजंत्र्याची तुटक चाल. मोत्सार्टचे पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना), त्यातही जी मेजरचा, के. ४५३, त्याचा शेवट ऐकताना पडदा पडून सगळी पात्रं पुढे येऊन वाकतायत असं वाटतं. मोत्सार्टनं १७८४ मध्ये एक साळुंकीसारखा पक्षी विकत घेतला होता, तो या शेवटच्या भागाची चाल म्हणायचा, एक स्वर चुकवून. मोत्सार्टनं वहीत त्याची चूकही लिहून ठेवली आणि पुढे 'ते सुंदर होतं' असा शेरा मारला.

सुरुवात कुठून करू, असं याच प्रश्नाखाली कुणीतरी विचारलंय. पूर्ण ऑपेराला हात घालू नका. 'फिगारो'च्या दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या, शब्द समोर ठेवा, इंग्रजी भाषांतर चालेल. एकदा गायकांकडे लक्ष देऊन ऐका. दुसऱ्यांदा फक्त बासून (खालच्या सुरांचं लाकडी फुंकवाद्य) आणि खालची तंतुवाद्यं ऐका, गायकांना विसरून जा. मग रविवारी सकाळी वेळ असेल तर 'त्राव्हियाता'चं पूर्वसंगीत ऐका, कार्लोस क्लाइबर आणि इलेआना कोत्रुबासचं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. आणि कंडक्टरचा हात बघायचा असेल तर क्लाइबरचं १९९४ चं व्हिएन्नाचं, श्ट्राउसच्या 'रोझेनकाव्हालियर'चं चित्रण बघा. तिसऱ्या अंकातल्या तीन बायकांच्या त्रिगीतात ते जवळजवळ काहीच करत नाहीत.